पगडीखालचा गाऊन

पदवीदानाच्या दिवशी अंगावर चढवायचा गाऊन, पाठीवर सोडायचा रंगीत हूड आणि डोक्यावरची चौकोनी टोपी हा वेश हिंदुस्थानात रुजला तो १८५७ नंतर. त्या वर्षी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे तीन विद्यापीठे कायद्याने स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाच्या कायद्यातच पहिल्या फेलोंची नावे दिलेली आहेत. बहुतेक नावे इंग्रज अधिकाऱ्यांची, पण त्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि बमनजी होर्मसजी यांच्या जोडीला भाऊ दाजी हेही नाव आहे. हे भाऊ दाजी पेडणे महालातल्या मांद्रे गावचे. मराठी मुलखात विद्यापीठीय वेशाचा इतिहास सुरू होतो तेव्हा त्या दाराशी मांद्र्याचा माणूस उभा असलेला दिसतो.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे पूर्ण नाव. जन्मसाल कोणी १८२२ देतात, कोणी १८२४. पेडणे महाल सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगिजांकडे गेला तो १७८८ मध्ये. म्हणजे भाऊंच्या जन्मावेळी त्या भागातल्या पोर्तुगीज अंमलाला जेमतेम एक पिढी लोटली होती. व्यवहार, देवस्थान, लिहिणेवाचणे सारे मराठीतच चाले, आणि शिकायचे तर उत्तरेची वाट धरायची हे ठरून गेलेले होते. मांद्र्याहून हरमल, केरी करीत तेरेखोलची खाडी ओलांडली की पलीकडे रेडी, शिरोडा आणि पुढे वेंगुर्ल्याचे बंदर. तिथून मुंबई. भाऊ लहानपणीच वडिलांबरोबर मुंबईला गेले, एल्फिन्स्टन संस्थेत शिकले आणि १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले तेव्हा त्याच्या पहिल्या विद्यार्थ्यांत दाखल झाले. १८५१ मध्ये तिथून पहिले आठ जण बाहेर पडले. त्यांत भाऊ दाजींबरोबर पुढे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झालेले आत्माराम पांडुरंग तर्खडकर होते, गोव्याचेच जुझे कामिलो लिस्बोआ होते. ‘ग्रॅज्युएट ऑफ द ग्रँट मेडिकल कॉलेज’, म्हणजे जी.जी.एम.सी., ही अक्षरे त्यांच्या नावापुढे लागली तेव्हा मुंबईला विद्यापीठ स्थापन व्हायला अजून सहा वर्षे होती.

विद्या पुरी झाल्याची खूण वस्त्रांतून दाखवायची पद्धत मात्र या मुलखाला नवी नव्हती. गृह्यसूत्रांत सांगितलेल्या समावर्तन संस्कारात ब्रह्मचारी मेखला, दंड आणि अजिन सोडतो, स्नान करतो, कोरी वस्त्रे नेसतो, डोक्याला पागोटे बांधतो, डोळ्यांत अंजन घालतो, आरशात पाहतो आणि छत्री, जोडे व काठी घेऊन घरी परततो. कोकणात आणि गोव्यात त्याचा अवशेष सोडमुंजीच्या रूपाने राहिला. गुरुकुल उरले नाही, बारा वर्षांचे अध्ययनही उरले नाही, म्हणून सोडमुंज लग्नाच्या आदल्या दिवशी किंवा मुंजीनंतर लगेचच उरकली जाऊ लागली. छत्री, जोडे आणि नवे धोतर तेवढे टिकले. पेशवाईत श्रावणमासी दक्षिणेसाठी पुण्यात देशोदेशीचे शास्त्री जमत, त्यांची परीक्षा होई, दक्षिणा मिळे, आणि मोठ्या विद्वानाच्या अंगावर शालजोडी पडे. पेशवाई १८१८ मध्ये बुडाल्यावर इंग्रजांनी त्या दक्षिणेचा काही भाग पुण्यात १८२१ साली निघालेल्या हिंदू कॉलेजाकडे आणि पुढे दक्षिणा फेलोशिपकडे वळवला. शाल मात्र समाजाने सोडली नाही. आजही सत्कार म्हटला की शाल-श्रीफळ येतेच.

या जुन्या खुणांचे कौतुक करताना एक गोष्ट विसरून चालत नाही. समावर्तन ज्याची मुंज झाली त्याचेच, आणि दक्षिणा ब्राह्मणालाच. स्त्रीला, शूद्राला, अतिशूद्राला विद्येचे वस्त्र नव्हते, कारण विद्याच नव्हती. विद्यापीठाचा झगा इथे आला तेव्हा त्याच्याबरोबर, निदान कागदावर तरी, एक वेगळी गोष्ट आली. परीक्षा उतरेल त्याला तो मिळणार होता.

तो झगा मुळात विद्येसाठी शिवलेला नव्हता. बाराव्या-तेराव्या शतकांत बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्ड येथे विद्यापीठे आकाराला आली तेव्हा शिकणारे आणि शिकवणारे बहुतेक ख्रिस्ती धर्मसेवकांच्या वर्गातले होते. त्यांचा लांब, पायघोळ, गडद रंगाचा पेहराव हाच त्यांचा रोजचा वेश. दगडी इमारतींत शेकोटी नसे, थंडी मरणाची असे, म्हणून अंगभर झगा आणि डोके झाकायला टोपरे. १२२२ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी धर्मसेवकांनी पुढून बंद असलेला झगा घालावा असा नियम केला, आणि त्याची छाया विद्यापीठांवरही पडली. पुढे सामान्य लोकांचे कपडे आखूड आणि रंगीत होत गेले तरी विद्यापीठाने जुना पायघोळ सोडला नाही. डोके झाकायचे टोपरे मागे सरकत सरकत पाठीवर लोंबू लागले. तेच हूड. त्याच्या अस्तराच्या रंगावरून कोणती पदवी, कोणती शाखा हे ओळखायची सोय झाली. चौकोनी टोपी पाद्र्यांच्या बिरेटाची वंशज. बाह्यांची लांबी, कापडाचा पोत, कडेची पट्टी यांतून पदवीधर, निष्णात आणि डॉक्टर यांचे थर लावले गेले. माहीतगाराला माणसाची सारी शैक्षणिक ओळख मागून पाहताच कळावी, इतकी ही भाषा पुढे नेमकी झाली.

हिंदुस्थानातली तिन्ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभी राहिली. १८५४ च्या वुडच्या शिक्षणविषयक खलित्यात तसे स्पष्ट सांगितलेले होते. लंडन विद्यापीठाप्रमाणेच ती फक्त परीक्षा घेत आणि पदव्या देत. शिकवायचे काम कॉलेजांचे. मुंबई विद्यापीठाला सुरुवातीला स्वतःचा वर्ग नव्हता, स्वतःचा प्राध्यापक नव्हता, स्वतःची इमारतही नव्हती. वर्षाकाठी एकदा कुलपती, कुलगुरू आणि फेलो झगे घालून मिरवत येत, नव्या पदवीधरांना पदव्या देत, त्या दिवशी काय ते विद्यापीठ लोकांच्या नजरेस पडे. वेशाला इथे जे महत्त्व आले त्याचे कारण बरेचसे यात आहे. ज्या संस्थेला भिंती नव्हत्या तिला कापडाने आकार दिला.

१८६२ साली पहिल्या बी.ए. पदव्या दिल्या गेल्या. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे ते चौघे. समारंभ मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये झाला, कारण दीक्षान्त सभागृह अजून कागदावरही नव्हते. ते कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभे राहिले. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा, बांधकाम पुरे झाले १८७४ मध्ये. त्याच्या मोठ्या वर्तुळाकार खिडकीत बारा राशींची रंगीत काचचित्रे आहेत. त्याच १८७४ च्या मे महिन्यात भाऊ दाजी वारले. १८५१ पासूनच्या तेवीस वर्षांत त्यांनी कुष्ठरोगावर औषध शोधायचा प्रयत्न केला, अजिंठ्याचे लेख वाचले, मुलींच्या शाळेला हात दिला, दोनदा मुंबईचे शेरीफ झाले. त्यांची उपलब्ध चित्रे पगडीतली आहेत.

पगडी हाच या वेशाच्या मराठी इतिहासाचा कळीचा मुद्दा. इंग्रजी नियमाप्रमाणे झग्यावर चौकोनी टोपी हवी. पण त्या काळच्या मराठी, गुजराती किंवा पारशी माणसाने चारचौघांत पगडी उतरवणे म्हणजे मान उतरवणे. बोडके डोके सुतकातले. म्हणून तडजोड आपोआप झाली. खाली धोतर, अंगात अंगरखा, त्यावर काळा झगा, पाठीवर हूड आणि डोक्यावर ज्याच्या त्याच्या जातीची, पेशाची, शहराची पगडी. ब्राह्मणाची चक्री, प्रभूची वेगळी, पारशाची उभी टोपी. सर फिरोजशहा मेहतांपासून भांडारकरांपर्यंत विद्यापीठाचे मोठमोठे लोक याच मिश्र वेशात सिनेटला बसले. १८९२ मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग मुंबई विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले, त्यांच्या पाठोपाठ १८९३ मध्ये भांडारकर. तेलंग गौड सारस्वत, भांडारकर मालवणचे. तेरेखोलच्या अलीकडचा-पलीकडचा हा एकच पट्टा मुंबईच्या विद्यापीठाला माणसे पुरवीत होता.

या मिश्र वेशात हास्यास्पद काही नव्हते, आणि तो गुलामीचाही नव्हता. परकी संस्था स्वीकारताना आपले डोके आपले ठेवायचे, एवढे त्या पिढीला नीट कळत होते. पण पगडीने एक अडचणही टिकवून धरली. झगा सगळ्यांना सारखा, डोके मात्र जातीचे. पदवीधर कोणत्या घरातला हे झग्यावरून कळत नसे, पगडीवरून क्षणात कळे.

स्त्रियांपुढे वेशाचा प्रश्न वेगळ्या रीतीने आला. कलकत्त्यात चंद्रमुखी बसू आणि कादंबिनी गांगुली या १८८३ मध्ये बी.ए. झाल्या. मुंबई विद्यापीठाची पहिली स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी, पुण्याच्या डेक्कन कॉलेजची विद्यार्थिनी. तिकडे अमेरिकेत आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली आणि त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. आदल्या वर्षी, १० ऑक्टोबर १८८५ ला, काढलेल्या तिथल्या छायाचित्रात आनंदीबाई साडीत आहेत, शेजारी जपानच्या केई ओकामी किमोनोत आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली आपल्या देशी पोशाखात. तिघींनी आपापल्या देशाचे वस्त्र नेसून परदेशी विद्या घेतली. साडीवर झगा चढवायची पद्धत इथल्या विद्यापीठांत पुढे सर्रास झाली. पदर आत घ्यायचा की बाहेर, हूड टाचणीने कुठे अडकवायचा, हे मुलींनी एकमेकींना शिकवत शिकवत ठरवले.

मांद्रे ज्या राज्यात होते त्या पोर्तुगीज गोव्यात या काळात विद्येचा वेश निराळा होता. पोर्तुगालचे कोइम्ब्रा विद्यापीठ १२९० चे. तिथल्या विद्यार्थ्यांचा काळा बातिना आणि त्यावर काळा कापा, म्हणजे पायघोळ अंगवस्त्र आणि खांद्यावरून लोंबणारा जाड झगा, १९१० पर्यंत सक्तीचा होता. त्या वर्षी राजेशाही गेली, प्रजासत्ताक आले आणि सक्ती उठली. वेश मात्र विद्यार्थ्यांनी हौसेने चालू ठेवला. डॉक्टर झालेल्यांना गोंड्याची बोर्ला ही टोपी आणि कपेलो हा आखूड खांदेपट्टा. वैद्यकाचा पिवळा, कायद्याचा तांबडा. गोव्यात १८४२ साली पणजीला वैद्यकीय शाळा निघाली, १८५४ मध्ये लिसेव, म्हणजे माध्यमिक शाळा. पण विद्यापीठ नव्हते. ज्याला पूर्ण पदवी हवी तो लिस्बनला किंवा कोइम्ब्राला जाई, आणि ते परवडे मूठभर घरांना.

पेडणे, डिचोली, सत्तरी या पोर्तुगिजांनी मागाहून मिळवलेल्या मुलखातल्या, म्हणजे नव्या काबिजादींतल्या, हिंदूंना ती वाट दूरचीच राहिली. १९१० च्या प्रजासत्ताकाने त्यांना कायद्याने समान हक्क दिले तरी लिसेवची भाषा पोर्तुगीज आणि घरची मराठी-कोकणी. त्यामुळे पेडण्याचा मुलगा शिकला तर सावंतवाडीला, बेळगावला, कोल्हापूरला, शेवटी मुंबईला. पदवीचे चित्र त्याच्या घरात आले ते मुंबईच्या काळ्या झग्याचेच. कोइम्ब्राचा पिवळा खांदेपट्टा पणजी-मडगावच्या काही ख्रिस्ती आणि सारस्वत दिवाणखान्यांपुरता राहिला.

गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, पणजीत धेंपे कॉलेज आणि मडगावात चौगुले कॉलेज सुरू झाले. १९६३ मध्ये जुन्या वैद्यकीय शाळेचे गोवा मेडिकल कॉलेज झाले. ही सारी मुंबई विद्यापीठाला जोडलेली. म्हणून गोव्याच्या भूमीवर पदवीचा जो वेश रूढ झाला तो पोर्तुगीज परंपरेतून आलेला नव्हता. एक शतकापूर्वी भाऊ दाजी ज्या विद्यापीठाचे फेलो झाले, तेच आता त्यांच्या गावाकडे चालत आले. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या सरकारने गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. त्या शाळांतून बाहेर पडलेली मुले पंधरा-वीस वर्षांनी पदवीधर होऊ लागली. पणजीत मुंबई विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्रही होते. त्यातूनच पुढे गोवा विद्यापीठ उभे राहिले. १९८४ च्या कायद्याने ते स्थापन झाले, १ जून १९८५ पासून काम सुरू झाले आणि बी. शेख अली पहिले कुलगुरू झाले. ताळगावच्या पठारावर त्याचे आवार आहे आणि राज्यपाल त्याचे कुलपती असतात.

पेडणे तालुक्यात महाविद्यालय यायला आणखी वेळ लागला. विर्नोड्याचे शासकीय महाविद्यालय संत सोहिरोबानाथ आंबिये यांच्या नावाने आहे. हरमलला गणपत पार्सेकर यांच्या नावाचे शिक्षणशास्त्र महाविद्यालय आहे, मांद्र्यात वाणिज्य, अर्थशास्त्र आणि व्यवस्थापनाचे. ज्या गावातून शिक्षणासाठी गलबतात बसावे लागे त्याच गावात पदवीचे वर्ग भरतात, हा बदल या सगळ्या इतिहासात सर्वांत मोठा आहे. अशा घरांत पदवीच्या फोटोला फार मान असतो. गाऊन भाड्याचा, अनामत भरून दोन तासांसाठी घेतलेला, मापात थोडा मोठा. पण फोटो चौकट करून भिंतीवर लागतो तो कायमचा. आजोबा खलाशी किंवा कुळवाडी, आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. त्या भिंतीवर त्या काळ्या कापडाचा अर्थ परकी राजवट असा होत नाही.

याच कारणाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे गाऊनमधले छायाचित्र महाराष्ट्रात आणि गोव्यातही इतक्या घरांत आहे. कोलंबिया विद्यापीठाने त्यांना ५ जून १९५२ रोजी एलएल.डी. ही सन्माननीय पदवी दिली. त्या वेशात पगडी नाही, जातीची कोणतीच खूण नाही. ज्यांना समावर्तनाचे पागोटे शतकानुशतके नाकारले गेले त्यांच्या दृष्टीने हा वेश परका कसा ठरावा?

झग्याविरुद्धची बाजूही जुनी आणि प्रामाणिक आहे. रवींद्रनाथांनी विश्वभारतीत गाऊन येऊ दिला नाही. तिथे उत्तरीय असते आणि पदवीधराला सप्तपर्णीची पाने देण्याची प्रथा होती. १९२० मध्ये गांधीजींनी काढलेल्या गुजरात विद्यापीठाने खादी धरली. बनारस हिंदू विद्यापीठात साफा आणि उत्तरीय दिसते. कोकण-गोव्याच्या दमट हवेत जाड काळा झगा घालून तीन तास बसणे हा त्रासच आहे, हे कोणी नाकारणार नाही. एप्रिल २०१० मध्ये भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेच्या समारंभात तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी व्यासपीठावरच झगा काढून ठेवला आणि त्याला वसाहतकाळाचा अवशेष म्हटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये विद्यापीठांना हातमागाचे कापड वापरायला सुचवले. विणकरांना काम मिळावे आणि हवामानाला साजेल असे वस्त्र असावे, ही दोन्ही कारणे रास्त होती.

अडचण येते ती ‘आपले’ म्हणजे कोणाचे हे ठरवताना. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने झगा सोडून कुर्ता-पायजमा आणि पाहुण्यांसाठी पुणेरी पगडी असा वेश धरला, तेव्हा २०१९ च्या समारंभात विद्यार्थ्यांनी फुले पगडीची मागणी केली. सावित्रीबाईंच्या नावाच्या विद्यापीठात पेशवाई वळणाची पगडी का, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो बरोबर होता. १८६२ मध्ये झग्यावर राहिलेला जातीचा प्रश्न दीडशे वर्षांनी झगा काढल्यावर पुन्हा तिथेच, डोक्यावर, येऊन बसला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या अखत्यारीतल्या वैद्यकीय संस्थांना काळा झगा आणि टोपी सोडून त्या त्या राज्याच्या परंपरेनुसार भारतीय वेश ठरवायला सांगितले.

गोव्यात हा प्रश्न आला तर दरबारी पोशाखाकडे वळायची गरज नाही. पेडण्याचे देशप्रभू, सावंतवाडीचे सरदार, पणजीचे वकील यांच्या कपड्यांच्या आठवणी पुष्कळ आहेत, पण त्या सगळ्यांच्या नाहीत. गोव्याची हातमागावरची लाल चौकड्यांची कुणबी साडी शेतात राबणाऱ्या बायकांची. गुडघ्यापर्यंत नेसायची, खांद्यावर गाठ मारायची. ती विणणारे हात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ थांबले होते. वस्त्ररचनाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी तिला पुन्हा उजेडात आणले. सुती, हलके, इथल्या हवेतले हे कापड उपरण्याच्या रूपात मुलगा आणि मुलगी दोघांच्याही खांद्यावर बसते, शर्टावर, सलवारीवर, साडीवर, हवे तर गाऊनवरही. डोक्यावर काही घालायचे कारण राहत नाही.